कलिंगडाची रोपं घरात उगवायचा हीट मॅटचा संच: कोकणात किती कामाचा?

भात कापून शेत मोकळं व्हायच्या आत कलिंगडाची रोपं तयार असली, तर पीक पंधरा-वीस दिवस आधी हाती येतं. रोह्या-माणगावापासून सावंतवाडीपर्यंत कलिंगड करणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या भाताची जमीन ऑक्टोबरात रिकामी होते, पण उशिरा येणाऱ्या गरव्याची नोव्हेंबर उजाडला तरी ओलीच असते. तेवढ्या दिवसांत पडवीत रोपं वाढवायची, म्हणून ऑनलाइन मिळणारे उगवणीचे संच आता बरेच जण मागवतात. अशा खोक्यात साधारण पाच गोष्टी असतात: 20 वॉटची हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), 98 कप्प्यांचा प्रोट्रे (रोपं वाढवायचा ट्रे), त्यावर बसणारं पारदर्शक झाकण, 650 ग्रॅमच्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) एक-दोन विटा, आणि कधी कधी ‘जायंट’ कलिंगडाच्या बियांची पुडी. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या पाच वस्तूंचं आहे.

आधी हे लक्षात घ्या की हा संच मुळात थंड देशांसाठी बेतलेला आहे. तिकडे वसंतात उशिरापर्यंत रात्री दंव गोठतं, घरातली खोलीही दिवसरात्र 16 ते 18 अंशांवर असते, आणि मोठ्या जातीच्या कलिंगडाला बी टाकल्यापासून फळ उतरवेपर्यंत चारेक महिने लागतात. उन्हाळा तेवढा लांब नसतो, म्हणून तीन-चार आठवडे रोप घरात वाढवून मग बाहेर लावतात. खोली सतत गार, त्यामुळे मॅट सतत चालू. आपल्याकडे गणित वेगळं आहे. डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर रात्रीचा पारा 18-19 अंशांच्या आसपास उतरतो, दापोलीच्या पठारावर आणि घाटाच्या पायथ्याच्या गावांत त्याहून खाली. पण त्याच दिवशी दुपारी 31-32 अंश सहज होतात. इथे रोप अडतं ते रात्रीच्या गारव्यानं, दिवसाच्या नव्हे. ही एक गोष्ट संचासोबतच्या माहितीपत्रकात नसते, आणि कोकणात मॅटवर बी वाया जातं ते बहुतेक याच कारणानं.

कलिंगडाच्या बियाला उगवायला ऊब किती लागते ते आकड्यांतच पाहा. मातीचं तापमान 20 अंश असेल तर कोंब वर यायला बारा दिवस लागतात, 25 अंशांना पाच, 30 ला चार आणि 35 ला तीन. म्हणजे 20 वरून 30 वर गेलं की आठवडाभराचा फरक. या आठवड्यात बी ओल्या, गार कोकोपीटमध्ये नुसतं पडून राहतं आणि कुजतं. उगवण कमी झाली की आपण बियाण्याला दोष देतो, पण पुष्कळदा दोष या गार रात्रींचा असतो.

आता मॅट. साधारण 10 बाय 20 इंचाची, 20 वॉटची मॅट भोवतालच्या हवेपेक्षा 5 ते 10 अंश जास्त ऊब देते. चोवीस तास चालली तरी अर्ध्या युनिटच्या आत वीज. रात्री 18 अंशांच्या पडवीत ती कप्प्यातलं माध्यम, म्हणजे त्यात भरलेलं कोकोपीट, 25-28 वर आणते, हे अगदी हवं तेवढंच. मात्र दुपारी 32 अंशांच्या हवेत तीच मॅट चालू राहिली तर माध्यम 40 च्या घरात जातं. तिथे कोंब भाजतो. बी उकरून पाहिलं तर टरफल फुटलेलं, मूळ अर्धा सेंटीमीटर बाहेर आलेलं, टोक मात्र तपकिरी आणि मऊ, असं दिसतं. म्हणून थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय मॅट घेऊच नका. संचात नसेल तर अंडी उबवणीच्या खोक्यांना लावतात तसला 230 व्होल्टचा डिजिटल थर्मोस्टॅट चालतो. 30 अंशांवर लावायचा, आणि त्याचा सेन्सर कप्प्यातल्या माध्यमात, बियाच्या खोलीला खुपसायचा. सेन्सर ट्रेबाहेर लोंबत ठेवला तर तो हवेचं तापमान मोजत राहतो आणि माध्यम 30 च्या पुढे गेलं तरी मॅट वेळेवर बंद होत नाही. थर्मोस्टॅट जमत नसेल तर साधा टायमर लावा: संध्याकाळी सात ते सकाळी नऊ. कोकणात तेवढं पुरतं.

मॅट घेताना मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून आलेल्या कित्येक मॅट 110-120 व्होल्टच्या असतात. ती नुसता पिन-अडॅप्टर लावून आपल्या 230 व्होल्टवर जोडली तर 20 वॉटची मॅट 70 वॉटच्या वर ओढते. ट्रेचा तळ वितळतो, आगही लागू शकते. पाण्याजवळचं काम आहे, तेव्हा जोडणी ईएलसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरच हवी. खाऱ्या हवेत पिना पटकन काळ्या पडतात. आठवड्याला एकदा मॅट बंद करून त्या पुसाव्यात.

मॅट जांभ्याच्या किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर थेट अंथरली तर निम्मी ऊब खालीच जाते. खाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल ठेवा. मॅट दुमडू नका, तिच्यावर गोणपाट टाकू नका. आणखी एक: मॅटवरचा ट्रे खालून सुकतो. वर बोट लावलं तर ओलं, आणि तळाला कोकोपीट भुसभुशीत कोरडं. मूळ तर खालीच जाणार असतं. पाणी हवं की नको हे बोटानं ठरवू नका, ट्रे एका बाजूनं उचलून वजनावर ठरवा. दोन दिवसांत हाताला सवय होते.

निम्मे कोंब वर आले की मॅटचं काम संपलं. हे न कळल्यानं पुढचं सगळं बिघडतं. कोंब आल्यावरही रात्रभर 30 अंशांवर ठेवलेली रोपं दोन दिवसांत बोटभर लांब, पांढरी आणि लुळी होतात. उगवलेल्या रोपाला रात्री 18-20 अंश पुरेसे आहेत. म्हणजे एवढे पैसे मोजून घेतलेली ही वस्तू एका खेपेला चार-पाच रात्री वापरायची. वर्षाला तीन-चार खेपा काढणाऱ्या छोट्या रोपवाटिकेला ती परवडते. घरच्या दहा गुंठ्यांसाठी करायचं असेल तर त्या पैशात काय काय येतं याचा आधी विचार करा.

कारण मॅटशिवाय काम अडत नाही. रहू पद्धतीनं भाताला मोड आणतो त्याच जातीचं हे काम आहे. बी 8 ते 12 तास कोमट पाण्यात भिजवायचं, पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधायचं, आणि पुरचुंडी उबेला ठेवायची: पेंढ्यात, चुलीपासून हातभर लांब, नाहीतर झाकणाच्या डब्यात. मासळीचा थर्माकोलचा खोका गोड्या पाण्यानं दोनदा धुऊन आत 25 वॉटचा तारेचा बल्ब लावला तर मॅटपेक्षा उत्तम काम करतो. एलईडी बल्ब इथे कुचकामी, तो उष्णता देत नाही. आत थर्मामीटर ठेवा, 32 च्या वर गेलं तर झाकण बोटभर सरकवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाकडून पांढरा मोड दिसतो. तो तीन-चार मिलीमीटरचा असतानाच बी कप्प्यात टाका. सेंटीमीटरभर झाला की हात लागून मोडतो. एक अपवाद मात्र पाळा: गुलाबी, निळ्या रंगाचं बुरशीनाशक चोळलेलं संकरित बी भिजवू नका. औषध पाण्यात उतरतं, वर ते पाणी हाताला लागतं. असं बी हातमोजे घालून थेट कप्प्यात टोकावं.

प्रोट्रेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: 98 कप्प्यांचा ट्रे शुगर बेबी किंवा तत्सम तीन-पाच किलोच्या फळांच्या जातींना ठीक, मोठ्या जातीला अजिबात नाही. त्याच्या एका कप्प्यात जेमतेम 22 ते 25 मिली माध्यम मावतं. कलिंगडाचं सोटमूळ पाच-सहा दिवसांत तळ गाठतं आणि गोल फिरायला लागतं. या वेलाचं मूळ एकदा तुटलं किंवा गुंडाळलं की पुन्हा जोमानं फुटत नाही. शेतात लावल्यावर रोप आठ-दहा दिवस नुसतं उभं राहतं, आणि घरात कमावलेले दिवस तिथेच गमावतात. 98 च्या ट्रेमधलं रोप 12 ते 15 दिवसांत, कोंबासोबत उघडणाऱ्या दोन जाड दलपानांनंतरची दोन खरी पानं आल्याबरोबर लावलंच पाहिजे. शेत तयार नसेल तर 50 कप्प्यांचा ट्रे घ्या, त्यात आणखी चार-पाच दिवस निभावतात. ट्रे घेताना कप्प्याच्या तळाचं भोक पेन्सिल जाईल एवढं आहे ना ते बघा. अगदी पातळ प्लॅस्टिकचे ट्रे भरून उचलले की मधोमध वाकतात आणि रोपाभोवतीचा गड्डा तडकतो.

मोठ्या जातीसाठी सगळ्यात चांगलं भांडं आपल्याकडे गावोगावच्या कलमांच्या रोपवाटिकेत मिळतं: काजूच्या रोपांसाठी वापरतात ती 5 बाय 7 इंचाची काळी पिशवी. तिच्यात पाऊण लिटर माध्यम मावतं, रोप 20 ते 25 दिवस खुशाल राहतं, आणि लावताना ब्लेडनं तळ व एक बाजू चिरली की मुळाला धक्का लागत नाही. काथ्याच्या कुंड्याही मिळतात. त्या लावताना कडा मातीच्या वर राहू देऊ नका. उघडी कड वाऱ्यानं सुकते आणि आतलं पाणी शोषून घेते.

संचातली सगळ्यात उपयोगी वस्तू कोकोपीट, आणि सगळ्यात दगा देणारीही तीच. 650 ग्रॅमच्या विटेला तीन ते चार लिटर पाणी घातलं की आठ-नऊ लिटर माध्यम होतं. 98 कप्प्यांचे तीन ट्रे त्यात भरतात. अडचण मिठाची आहे. किनारपट्टीवर नारळाची सोडणं खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवून काथ्या काढतात, आणि ते मीठ भुश्यात उतरतं. ‘धुतलेलं’ असं पाकिटावर छापलेलं असलं तरी तपासा. ईसी मीटर (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं यंत्र) असेल तर भिजलेलं कोकोपीट मुठीत पिळून निघालेल्या पाण्यात बुडवा: 1 mS/cm च्या खाली आलं तर बिनधास्त वापरा, 2 च्या वर गेलं तर धुवा. मीटर नसेल तर धुतल्याशिवाय वापरूच नका. पातळ गोणीत भरून गोड्या पाण्याच्या दोन-तीन बादल्या वरून ओतायच्या आणि प्रत्येक वेळी पूर्ण निथळू द्यायचं. पहिलं पाणी चहासारखं येतं, तिसरं फिकट. मिठाची खूण रोपावर लगेच दिसते: दलपानांच्या कडा करपतात, पहिलं खरं पान वाटीसारखं आत वळतं. हीच लक्षणं पाण्यानंही येतात. खाडीकाठच्या विहिरी जानेवारीनंतर मचूळ व्हायला लागतात, तेव्हा रोपांपुरतं तरी नळाचं पाणी ठेवा.

निव्वळ कोकोपीटमध्ये अन्न नसतं. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, आणि पिशवी भरायची असेल तर वर अर्धा भाग नदीची जाड रेती. समुद्राची वाळू नको. भरण्यापूर्वी मूठभर घेऊन दाबा: बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत, धार नाही. ओल जास्त आणि रात्र गार, या जोडीनं रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात. ही मर एकदा ट्रेत शिरली की एका कोपऱ्यातून वर्तुळासारखी पसरते. मेलेल्या रोपांसोबत शेजारचे निरोगी दिसणारे कप्पेही काढून टाका. भरतानाच माध्यमात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं बरं. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नाही, आणि रात्रभर गार झालेलं टाकीचं पाणी थेट ओतू नका.

बी आडवं ठेवून दोन सेंटीमीटर खोल. उथळ टाकलं तर टरफल मातीत अडकून न राहता कोंबासोबत वर येतं, आणि दलपानं त्या टोपीत कैद होतात. तशी टोपी दिसली तर ओढू नका. कोमट पाण्याचा फवारा मारून अर्धा तास थांबा, मग नखानं अलगद सैल करा. सुकी ओढली तर दोन्ही पानं तुटून हातात येतात.

झाकण? कोकणाच्या दमट हवेत त्याचा उपयोग पहिले तीन-चार दिवस, तोही मुख्यत्वे उंदरांपासून राखण म्हणून. कलिंगडाचं बी उंदरांना फार आवडतं. एका रात्रीत ट्रे रिकामा होतो, कप्प्याकप्प्यात नेमकं भोक पाडलेलं दिसतं. पहिला कोंब दिसला की झाकण काढा. आणि झाकलेला ट्रे उन्हात कधीच ठेवू नका, अर्ध्या तासात आत भट्टी होते.

जी वस्तू संचात नाही आणि सगळ्यात जास्त हवी, ती म्हणजे उजेड. कोकणी घराच्या पडव्या खाली उतरत्या छपराच्या, आतून अंधाऱ्या. तिथे उगवलेलं रोप दोन दिवसांत दारच्या दिशेनं मान टाकतं. कोंब वर येऊन दलपानं उघडली, त्याच सकाळी ट्रे खळ्यात कोवळ्या उन्हात न्या आणि संध्याकाळी आत घ्या. हे रोज करणं शक्य नसेल तर 20 वॉटची एलईडी ट्यूब दलपानांपासून चार इंचांवर टांगा आणि 14 तास चालू ठेवा. फूटभर वर लावलेली ट्यूब डोळ्याला लख्ख वाटते, पण रोपाला पुरत नाही. मॅट आणि ट्यूब यांतलं एकच घेता येणार असेल तर ट्यूब घ्या.

बियांच्या पुडीबद्दल सावध राहा. मोठ्या कलिंगडाची जगभर चालणारी जात म्हणजे कॅरोलिना क्रॉस 183. लांबट फळ, फिकट हिरव्यावर गडद पट्टे, आत लाल गर. 2013 साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 159 किलोचं फळ तोललं गेलं आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. ते तिथल्या चौदा तासांच्या उन्हाळी दिवसांत वाढलेलं. आपल्या डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, आणि पुढे मे महिन्यातल्या वळवाची, त्यामागून पावसाळ्याची भिंत. तेव्हा पाकिटावरचं वजन इथे मिळेल असं धरून चालू नका. पुडीवर जातीचं नाव, लॉट क्रमांक, उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख नसेल तर ती बाजूला ठेवा. परदेशातून थेट टपालानं बी मागवणं तर टाळाच. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या) प्रमाणपत्राशिवाय ते बेकायदेशीर आहे. मोठ्या जातीचं टरफल जाड असतं. दोन्ही बाजूंच्या कडा पॉलिश पेपरनं हलक्या घासल्या तर पाणी लवकर शिरतं. टोकाला मात्र हात लावू नका, मूळ तिथूनच निघतं. एका वेलाला निदान दहा बाय दहा फूट जागा आणि वेलावर एकच फळ, म्हणून घरासाठी चार पिशव्या पुष्कळ झाल्या. इथे 98 कप्प्यांचा ट्रे विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या गरजेचा विचारच केलेला नाही.

पहिलं खरं पान पूर्ण उघडलं की 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पाच दिवसांनी एकदा. लावणीआधी पाच-सहा दिवस रोप कणखर करायचं: खत बंद, पाणी कमी, पहिल्या दिवशी दोन तास ऊन आणि रोज दोन तास वाढवत. दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला कोवळी रोपं उघडी ठेवू नका, पानांच्या कडा तपकिरी होतात. तांबडे भुंगेरे याच दिवसांत दलपानं चाळणीसारखी करतात. 40 मेशची (इंचाला 40 भोकांची) जाळी बांबूच्या कामट्यांवर ताणली की तो प्रश्न मिटतो. लावणी संध्याकाळी, आदल्या दिवशी ओलवलेल्या आळ्यात, गड्डा जमिनीच्या पातळीला. देठ मातीत पुरू नका. सकाळी आठ वाजता आळ्यातल्या मातीत थर्मामीटर खुपसा. 18 च्या खाली असेल तर रोप आणखी दोन दिवस पडवीत थांबवा, किंवा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर अंथरून मग लावा.

आगोटीच्या आधी मॅट पुसून, दिवसभर सावलीत वाळवून, न दुमडता सैल गुंडाळी करा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. माळ्यावर उघडी राहिली तर पावसाळ्यात उंदीर वायर कुरतडतात, आणि तो कुरतडलेला भाग नोव्हेंबरात ट्रेखाली दिसत नाही. पुन्हा लावण्याआधी पूर्ण वायर बोटांमधून सरकवत तपासा.